इंजिनाजवळचा माणूस

गाडी चालू करण्याआधी तो उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि खिडकीतून बाहेर, वर धरायचा. ट्रक उभा बोईसरच्या कारखान्यांच्या रस्त्यावर, पुढे गेटपाशी गाड्यांची रांग, आणि हा बोट वर करून बसलेला. मग म्हणायचा, "वारा बगून घेतलेला बरा." त्यानंतरच चावी फिरवायचा.

रांगेतल्या गाड्यांवरची पोरं हसायची. तांडेल, शीड उभारायचं का, असं विचारायची. तो चिडत नसे. हसा म्हणायचा. ज्या दिवशी इथल्या एखाद्या भिंतीमागून वास सुटेल, त्या दिवशी कुठल्या बाजूला पळायचं ते मला ठाऊक असेल, तुम्ही हसतच राहाल. एवढं बोलून गाडी काढायचा. पोरांचं हसू थोडा वेळ टिकायचं, मग एकेक जण उगाच नाक वर करून हुंगायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे, म्हणून मीही इथे तेच लिहितो. घिवलीकडचा माणूस. उमेदीची सगळी वर्षं दर्यावर गेली. मग होडी फुटली, गुडघे आखडले, आणि त्याने एक जुना सहाचाकी ट्रक विकत घेतला. लोकांना नवल वाटलं. त्यात नवल काही नाही. होडीतलं इंजिन आकाशातून पडत नाही. मोडीत गेलेल्या ट्रकचंच इंजिन काढून होडीत बसवतात. ट्रक बघायला गेला तेव्हा त्याने टायर बघितले नाहीत, स्प्रिंगांचे पाटे बघितले नाहीत. झाकण उघडून इंजिन बघितलं आणि म्हणाला, "ह्याला मी वलखतो." झाला सौदा.

मी चिंचणीचा. शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे शाळेला मी नको होतो आणि मला शाळा. उभी हयात ट्रक चालवला. आता पुतण्याच्या बोईसरमधल्या पंक्चरच्या दुकानासमोर बाकड्यावर बसतो. रिकामा बसत नाही. येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय दुखतंय ते सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तांडेल मला 'डायवर' म्हणायचा. काका नाही, भाऊ नाही, डायवर. मी त्याला तांडेल. दोघांनाही आपापली पदवी ठाऊक होती, त्यामुळे बरं चाललं होतं. संध्याकाळी तो मला चिंचणीच्या नाक्यावर सोडून पुढे घरी जायचा.

त्याच्या गाडीत माल असायचा रिकाम्या ड्रमांचा. कारखान्यांतून औषधाचे, रंगाचे, कसल्या कसल्या द्रावणाचे ड्रम रिकामे होतात, ते उचलून भंगारवाल्यांकडे पोचवायचे. रिकामा हा आपला शब्द झाला. बूच काढून नाक लावा, मग कळतं की ड्रम वासाने भरलेला आहे, आणि तो वास काडीची वाट बघत असतो.

आता गाडीचं दुखणं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. जुन्या ट्रकला डिझेलची टाकी बाजूला, खाली लटकलेली असते. इंजिनावरचा छोटा पंप तिच्यातून डिझेल ओढून घेतो. पाइप जुने झाले, कुठे बारीक चीर पडली, की डिझेलबरोबर हवाही ओढली जाते. गाडी हवा घेते, असं आम्ही म्हणतो. हवा घेतली की इंजिन दोन आचके देतं आणि गप्प. मग उतरा, स्क्रू ढिला करा, हातपंप मारत बसा, बुडबुडे जाऊन साफ डिझेल येईपर्यंत. तांडेलची गाडी चढावर बंद पडायची, रेल्वेच्या पुलावर बंद पडायची, आणि एकदा तर कारखान्याच्या गेटात अशी आडवी बंद पडली की आतल्या गाड्या आत आणि बाहेरच्या बाहेर. ठेकेदाराने बजावलं, पुन्हा असं झालं तर ड्रम दुसरा कुणी उचलेल.

पुतण्याने आणि मी मिळून उपाय सांगितला होता. सगळे पाइप नवे घाल. टाकीजवळ बॅटरीवर चालणारा पंप बसव, तो मागून डिझेल ढकलेल, मग हवा यायचं कारणच उरत नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर लाव. आजकाल जुन्या गाड्यांना असंच करतात आणि गाड्या सुधारतात. तांडेलने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. वायरीवर त्याचा विश्वास नव्हता. खाऱ्या हवेत वायर किती दिवस जगते ते तुला काय ठाऊक, असं मलाच विचारलं. मी काय राजस्थानात राहतो?

चार दिवस गाडी दिसली नाही. आली ती वेगळीच होऊन. केबिनच्या मागे लोखंडी अँगलचा माचा, त्यावर निळा प्लास्टिकचा ड्रम उभा, होडीच्या जाड दोराने आवळून बांधलेला. ड्रमला तळाच्या जरा वर तोटी, तोटीतून पाइप केबिनच्या पाठीमागच्या पत्र्यातून आत आणि तिथून खाली इंजिनावर.

"होडीत टाकी वरच असते," तो म्हणाला. "डिजल आपल्या वजनानं खाली येतं. त्याला कोन वढायला लागत नाय. वढायचंच नाय, तर हवा कशी घेल?"

गोष्ट खरी होती. माठाची तोटी उघडावी इतकी सरळ. पाणी तळाला बसतं, तोटी जरा वर लावली की साफ डिझेल मिळतं, हेही खरं. दोराची गाठ तर अशी घातली होती की ओढाल तितकी घट्ट व्हावी. मी गाडीभोवती एक फेरी मारली. मग झाकण उघडायला लावलं आणि पाइप कुठून जातो ते बघितलं. तो धुराच्या पाइपावरून जात होता. इंजिनातून धूर बाहेर काढणारा बिडाचा जाड पाइप, भरल्या गाडीने चढ चढला की रात्री लाल दिसावा इतका तापणारा.

मी त्याला म्हणालो, तांडेल, खालच्या टाकीचा पाइप फुटला तर गाडी बंद पडते आणि डिझेल जागच्या जागी राहतं. तुझा पाइप फुटला तर अख्खा ड्रम रिकामा होईपर्यंत डिझेल खाली येत राहील. आणि येईल कुठे, तर त्याच्यावर.

त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा कीव दिसली. होडीत त्या धुराच्या पाइपाभोवती दर्याचं पाणी खेळवलेलं असतं, असं त्याने मला समजावलं. थंडीत खलाशी त्याला पाठ लावून झोपतात. डिझेल त्याच्यावर किती वेळा सांडलं, फडक्याने पुसलं, संपलं. ट्रकला पाणी नाही हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताला माहीत असणं वेगळं. त्याच्या हाताने जन्मभर तो पाइप कोमटच ओळखला होता.

"तुज्या बोटीखाली पाणी होतं," मी म्हणालो. "इथं डांबर हाय."

मग त्याने ते केलं. चहाच्या टपरीवरून करवंटी मागून घेतली, तीत डिझेल ओतलं, काडी पेटवली आणि सगळ्यांसमोर आत टाकली. काडी फिस्स करून विझली. पुन्हा टाकली, पुन्हा विझली. "बगा. डिजल आगीला पितं." जमलेल्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं याने काही सिद्ध होत नाही. का होत नाही ते मात्र मला सांगता येईना. घाटात एकदा एक गाडी जळताना बघितली होती, पाइप फुटून डिझेल धुराच्या पाइपावर गेलं होतं. ड्रायव्हर उतरला होता. क्लीनर उतरला नव्हता. हे टपरीवर कसं सांगायचं? मी त्या गाडीत बसायचं बंद केलं.

संध्याकाळी मी चिंचणीच्या रिक्षासाठी उभा राहायचो. तो माझ्याशेजारी ट्रक हळू करायचा, पलीकडचं दार उघडून धरायचा. मी कारखान्याच्या चिमणीकडे बघत राहायचो. तो दार लावून निघून जायचा. दोन म्हाताऱ्यांचा हा खेळ सगळा नाका बघायचा. एकदा ओरडून म्हणाला, "डायवर, रिक्शापन डिजलवरच चालते." मी चिमणीकडेच बघत राहिलो.

गाडी मात्र बंद पडेना. पुलावर नाही, चढावर नाही, गेटात नाही. ठेकेदार खूश झाला. तांडेलची मान ताठ झाली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्यांच्याही गाड्या हवा घेत होत्या. कोळगावकडून खडी वाहणाऱ्या एकाने त्याच्याकडून तसाच निळा ड्रम बसवून घेतला. त्यानंतर उत्तरेकडचा एक ड्रायव्हर, ड्रम भरायला आलेला, झुपकेदार मिश्यांचा. तांडेलने एका दुपारात त्याचंही काम करून दिलं, गाठही आपल्या हाताने मारून दिली, करवंटीतली काडीही विझवून दाखवली. गाडी एका दमात चालू झाली तेव्हा मिशीवाल्याने वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि 'उस्ताद' म्हणाला. जमिनीवर आल्यापासून तांडेलच्या कुणी पाया पडलं नव्हतं. तो दिवसभर नुसता हात पुसत फिरत होता.

मी बाकड्यावरून हे बघत होतो. माझ्या मनात एवढंच आलं की आता तीन झाल्या.

उन्हाळ्यात एक दिवस तांडेल मनोरकडून रिकामी गाडी घेऊन आला. दुकानासमोर उभी केली, टायरची हवा तपासायला. इंजिन अजून कडकड करत होतं. माझ्या नाकाला वास लागला. कच्च्या डिझेलचा वास वेगळा, आणि तापलेल्या लोखंडावर वाळलेल्या डिझेलचा वेगळा. मी न विचारता झाकण उघडलं. पाइप जिथे वाकत होता तिथे सांध्याला ओल होती, आणि बरोबर त्याखाली, धुराच्या पाइपावर, तपकिरी डाग. थेंब पडून पडून भाजलेला.

मी तोटी बंद केली. गाडी पुढच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावली. टपरीवरून चमचा आणला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, तांडेल, करवंटीत नको. आता इथं टाक.

पहिला चमचा टाकला तर नुसता पांढरा धूर निघाला. त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं. मी म्हटलं, आणखी. दुसरा चमचा पडला, धूर दाटला, आणि त्या धुराच्या आतून, काडी नाही काही नाही, भप्प करून ज्वाळा उभी राहिली. हातभर. पुतण्याने ओलं पोतं टाकून ती विझवली. सगळं इतक्यात झालं की टपरीवरच्या कुणाला कळलंही नाही.

मी आयुष्यभर माझं खरं झालं की मिशीवर ताव दिलेला माणूस आहे. त्या दिवशी नाही दिला. तांडेल त्या जागेकडे बघत होता. मला वाटलं आता म्हणेल, तुझं बरोबर होतं. तो म्हणाला, "आनि दोन हायत."

स्वतःचा ड्रम त्याने तिथल्या तिथे उतरवला. दुसऱ्या दिवशी कोळगावच्या खडीवाल्याला गाठलं. तो शिव्या देत होता, तांडेल दोर सोडत होता. पुतण्याने दोन्ही गाड्यांना नवे पाइप घातले, बॅटरीवरचा पंप बसवला, मोठा फिल्टर लावला. वायरींना तांडेल आता काही म्हणाला नाही.

राहिला तो मिशीवाला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गाडीचा नंबर परराज्यातला, एवढंच आठवत होतं. ठेकेदार म्हणाला, असे दहा येतात नि जातात. कधी वापीकडून येतो म्हणत होता, कधी आणखी वरून.

तेव्हापासून तांडेल चिल्हार फाट्यावर उभा राहायला लागला, जिथे बोईसरचा रस्ता हायवेला मिळतो. आपला ट्रक घरी लावून ठेवला. सकाळी मासळी घेऊन बायको बोईसरच्या बाजाराला निघाली की हा तिच्याबरोबरच निघून पुढे फाट्यावर जायचा आणि उजेड असेपर्यंत प्रत्येक ट्रकच्या केबिनमागे बघत राहायचा. ढाब्यावर थांबलेल्या ड्रायव्हरांना विचारायचा, निळा ड्रम, होडीचा दोर, बघितला का? त्यांना वाटायचं त्याचं काही चोरीला गेलंय. हायवेला कुठे लांब काळा धूर दिसला की तो उभ्या उभ्या थिजायचा. धूर कुठल्या शेताचा, टायरचा निघाला की पुन्हा केबिनी बघायला लागायचा.

एकदा त्याची बायको माझ्या बाकड्यासमोर टोपली ठेवून उभी राहिली. म्हणाली, जेवत नाही, झोपेत तोटी बंद कर, तोटी बंद कर म्हणतो. तुम्ही दोघांनी काय करून ठेवलंय? मी काही केलेलं नव्हतं, पण तिला ते सांगत बसलो नाही. तिच्याकडून डबा घेतला. मला त्या बाजूला कामच आहे म्हणालो. काम कसलं आलंय.

मी रोज डबा घेऊन जायला लागलो. दोघे फाट्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसायचो. तो जेवतानाही रस्त्याकडेच बघायचा. बोंबलाचा काटा एकदा घशात अडकला तरी मान फिरवली नाही. एकदा मी म्हटलं, गाडी एव्हाना भंगारात गेली असेल. तो म्हणाला, चांगली चालनारी गाडी कोन भंगारात घालतो?

आणि एका दुपारी ती आली. लांबून निळा रंग दिसला तेव्हा माझ्या हातात घास होता. तांडेल उठला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. मी डोळे मिटले. ब्रेक ऐकू आले. उघडले तर ट्रक त्याच्यापुढे चार पावलांवर थांबलेला, आणि वरपर्यंत ड्रमांनी भरलेला.

मिशीवाला उतरला, हसत येऊन पाया पडला. आम्ही गाडी ढाब्याच्या बाजूला घ्यायला लावली. तांडेलने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, ये उतारना है, मेरा गलती हाय. मिशीवाल्याला ते समजेचना. "उस्ताद, जब से लगाया है, एक दिन नहीं रुकी. मालिक भी खुश है. बोला है, इसको कोई हाथ नहीं लगाएगा." तांडेलने आगीचं सांगितलं. त्यावर तो मोठ्याने हसला. ढाब्यावरची एक वाटी उचलली, तीत तोटीतून डिझेल घेतलं, काडी पेटवली आणि आत टाकली. काडी फिस्स करून विझली.

"आप ही ने तो दिखाया था, उस्ताद."

तांडेलने माझ्याकडे बघितलं. मी ढाब्यावरचा चमचा उचललाच होता. इंजिन तापलेलं होतं, सांधा तोच होता, खाली तसाच तपकिरी डाग होता, आमच्या गाडीपेक्षा मोठा. पण मागे ड्रम होते. काही बुचं ढिली होती, वास आम्ही उभे होतो तिथपर्यंत येत होता. मी चमचा खाली ठेवला.

मी माझ्या हिंदीत घाटातली गाडी सांगितली, क्लीनरसकट. तो ऐकून गंभीर झाला, पण मालक काढून टाकेल म्हणाला. तांडेल गाठीला हात घालायला वर चढला तर त्याने त्याचं मनगट धरलं. अदबीने धरलं, पण सोडलं नाही. माझ्या घरी पाच जण खातात, उस्ताद, एवढंच म्हणाला. तांडेलने त्याला विचारलं, गाडी खाली कुठे होणार? गुजरातच्याही पुढे, तो म्हणाला. ड्रम उतरल्यावर दाखवलं तर ऐकशील का? तो म्हणाला, हाँ, तब देखेंगे.

सांध्याला तांडेलने आपल्या खांद्यावरचं फडकं पिळून, घट्ट गुंडाळून बांधलं. ढाब्यावरून एक पोतं मागून घेतलं, बादलीत बुडवलं. मग क्लीनरच्या बाजूचं दार उघडून तो वर चढायला लागला. गुडघे त्याला चढू देत नव्हते. मी त्याचा हात धरला, चढवायला नाही, उतरवायला.

"तांडेल, खाली ये. ती तुजी गाडी नाय."

"गाठ माजी हाय," तो म्हणाला.

मी हात सोडला. डबा त्याच्या हातात दिला, त्यात अजून अर्धी भाकरी होती. गाडी उत्तरेच्या अंगाला लागली. मी कठड्यावर बसून तिचा आवाज ऐकत राहिलो. आवाजात काहीच खोट नव्हती. एवढं सुरेख चालणारं जुनं इंजिन मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

फोन तो बाळगत नाही. मिशीवाल्याचा नंबर घ्यायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्याची बायको बाजारात बसते, कुणी विचारलं तर सांगते, गाडी खाली झाली की येईल. मी फाट्यावर जातो. काम असतं मला त्या बाजूला.

तुम्ही हायवेने जाणारे लोक आहात, म्हणून सांगतो. केबिनच्या मागे निळा ड्रम, जाड दोराने बांधलेला, असा ट्रक पुढे दिसला तर मागे राहू नका. पुढे जा, हात दाखवा, थांबला तर बघा. आत ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारा उलटा बसलेला असेल, रस्त्याकडे पाठ करून, पाइपाकडे तोंड करून, मांडीवर ओलं पोतं घेऊन.